एलईडीवर हात मागून का हलतो? छोट्या लाईव्ह सेटअपसाठी मॉनिटर आणि कमी डिलेचं आउटपुट

स्टेजवर हलगी कडकडतेय, ठेका कानात आधी पडतो आणि बाजूच्या एलईडी वॉलवर हलगीवाल्याचा हात नंतर हलतो. मग साउंडवाला ओरडतो, "ओ दादा, तुमचं चित्र मागं राहतंय की ओ." एलईडीवाला म्हणतो माझा प्रोसेसर ओके आहे, कॅमेरावाला म्हणतो माझ्या स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय. तिघंही आपापल्या जागी खरं बोलतायत, कारण डिले कुणा एकाच्या मशीनमध्ये नसतो, थोडा इथं थोडा तिथं असा साठत जातो आणि शेवटी वॉलवर दिसतो.

हे लिहितोय ते आपल्या सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट पट्ट्यात लग्न, कीर्तन, गॅदरिंग, कबड्डी, मिरवणूक असं दोन-चार कॅमेऱ्यांचं लाईव्ह करणाऱ्यांसाठी, ज्यांचा सगळा पसारा एका ओम्नीत बसतो. माझं म्हणणं एकच आहे, सगळ्या स्क्रीनना एकाच आउटपुटवरून फीड देऊ नका. ज्याला ताल धरायचाय किंवा फोकस धरायचाय त्याला साखळीत जितक्या आधी जमेल तितक्या आधीचा फीड द्या, आणि ज्याला चार सेकंदांनी दिसलं तरी चालतं त्याला शेवटचा.

आधी फ्रेमचा हिशोब

डिले सेकंदात मोजू नका, फ्रेममध्ये मोजा. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलीसेकंदाची, ५० ला २० ची. बहुतेक मशीन डिले फ्रेमच्या हिशोबानं घेतात, म्हणजे एक अख्खी फ्रेम आत आली की मगच पुढं ढकलतात. आता साखळी बघा. मिररलेस कॅमेरा एचडीएमआयमधून चित्र बाहेर देताना एक-दोन फ्रेम खातो, स्विचर (कॅमेरे आलटून-पालटून निवडायचं मशीन) येणारा प्रत्येक कॅमेरा स्वतःच्या घड्याळाला जुळवून घेतो त्यात साधारण एक, एलईडीचा प्रोसेसर चित्र लहान-मोठं करतो त्यात एक-दोन, आणि पॅनलच्या आतलं रिसिव्हिंग कार्ड अजून एक. सहा फ्रेम धरा. २५ वर चालवलं तर २४० मिलीसेकंद, ५० वर चालवलं तर तेच १२०. एक रुपया खर्च न करता डिले निम्मा झाला, फक्त सेटिंग बदलून.

म्हणून सगळं १०८०पी ५० वर, म्हणजे सेकंदाला ५० अख्ख्या फ्रेमवर, ठेवा. कॅमेऱ्याची व्हिडिओ सिस्टीम पाल ठेवा, एनटीएससी नाही, नाहीतर मेन्यूत ५० येतच नाही. आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झची, शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की मंडपातल्या ट्यूब आणि हॅलोजन फडफडत नाहीत हा फायदा वेगळा. १०८०आय देणारा जुना कॅमकॉर्डर असेल तर शक्यतो प्रोग्रेसिव्हवर टाका, इंटरलेसचं, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या ओळींनी येणारं, चित्र सोडवून घेताना पुढच्या मशीनला अजून वेळ लागतो.

एटीईएम मिनी हा स्विचर वापरणाऱ्यांनी इथं एक लक्षात ठेवायचं. ऑटोवर असेल तर तो पहिल्यांदा जे एचडीएमआय सापडेल त्याचा फॉरमॅट पकडतो. कुणीतरी पीपीटीचा लॅपटॉप आधी लावला की सगळं ६० वर जातं, मग ५० चे कॅमेरे त्यात बसवताना हलत्या हातात झटके दिसतात आणि अर्धा तास कुणाला कळत नाही काय झालं ते. सॉफ्टवेअरमधून १०८०पी ५० फिक्स करून टाका आणि मगच केबल लावा.

किती डिले चालतो, आणि कुठं बसलेल्याला

आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीटी.१३५९ म्हणून शिफारस आहे, त्यात आवाज चित्राच्या ४५ मिलीसेकंद आधी आला तर माणसाला जाणवायला लागतं आणि ९० च्या पुढं गेलं तर खटकतं असं धरलंय. उलट, आवाज मागून आला तर १२५ पर्यंत कळत नाही, १८५ पर्यंत चालवून घेतात. म्हणजे चित्र मागं राहणं जास्त वाईट, आणि आपला प्रॉब्लेम नेमका तोच.

पण आवाजही काही लगेच पोचत नाही, एका मीटरला साधारण ३ मिलीसेकंद घेतो. वरचा १२० चा डिले घ्या. स्टेजपासून ५ मीटरवर बसलेल्या पाहुण्यांना आवाज १५ मध्ये पोचला, त्यांना चित्र १०५ नं मागं दिसणार, खटकणारच. २५ मीटरवरच्या माणसाला आवाजच ७५ नं उशिरा येतोय, त्याला फरक ४५ चा. आणि ४० मीटरवर दोन्ही बरोबर एकत्र! त्यामुळं लॉनच्या मागच्या टोकाला उभं राहून "परफेक्ट आहे" म्हणू नका, चेक करायचं ते पहिल्या सोफ्याच्या रांगेत बसून, कारण तक्रार करणारी मंडळी तिथंच बसलेली असतात आणि पेमेंट पण तेच देणार असतात.

साउंडवाल्याला सांगून सगळा आवाजच मागं घ्यावा असं सुचतं लोकांना. भाषणाला थोडंफार जमतं. पण भजन, हलगी, ढोल असेल तर मूळ वाद्याचा आवाज पुढच्यांना थेट येतच असतो, वर स्पीकरचा ३०-४० मिलीसेकंदांनी आला की दुहेरी ऐकू येतं आणि गाणारा वैतागतो. ते करू नका.

एकच एचडीएमआय आउट, आणि तिथंच सगळे अडकतात

एटीईएम मिनी प्रो घेतला की मल्टिव्ह्यू मिळतो, चारही कॅमेरे एका स्क्रीनवर, ऑपरेटर खूश. पण त्याला एचडीएमआय आउट एकच आहे. त्यावर मल्टिव्ह्यू घेतला की एलईडीला प्रोग्राम, म्हणजे निवडलेलं फायनल चित्र, द्यायला काही उरत नाही. मग लोक काय करतात, यूएसबीतून लॅपटॉपमध्ये प्रोग्राम घेतात, ओबीएस या लाईव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये फुलस्क्रीन प्रोजेक्टर लावतात आणि लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून वॉलला देतात. चित्र येतं, छान दिसतं, पण यूएसबीचा बफर, ओबीएसचा कंपोझिट, विंडोजचा डिस्प्ले असं करत अजून बऱ्याच फ्रेम वाढतात, आणि मध्येच अँटिव्हायरसची खिडकी वर आली तर ती पण वॉलवर दिसते, नवरदेवाच्या डोक्यावर.

यातून बाहेर पडायचे रस्ते तीन. पैसे असतील तर दोन आउटवाला स्विचर घ्या, एटीईएम मिनी एक्स्ट्रीमला दोन एचडीएमआय आउट आहेत, एकावर मल्टिव्ह्यू दुसऱ्यावर प्रोग्राम. रोलँडच्या व्ही-१ एचडीला पण प्रोग्राम आणि प्रिव्ह्यू वेगळे निघतात. पैसे नसतील तर एचडीएमआय आउटवर प्रोग्रामच ठेवा, त्याला एक-दोनचा स्प्लिटर लावा, एक वॉलला एक ऑपरेटरला, आणि मल्टिव्ह्यूची हौस सोडून प्रत्येक कॅमेऱ्याला छोटा मॉनिटर लावून त्याच्याकडं बघत काटा. दोन कॅमेऱ्यांच्या कामाला हे पुरतं. तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो, विशेषतः नाच-गाण्याच्या कार्यक्रमाला: वॉलला स्विचरचं चित्र द्यायचंच नाही. स्टेजसमोरचा मिड शॉट कॅमेरा स्प्लिट करून थेट एलईडी प्रोसेसरला द्यायचा, स्विचिंग फक्त रेकॉर्डिंग आणि यूट्यूबसाठी. वॉलवर कट होत नाहीत हे खरं, पण एक फ्रेम वाचते, आणि ऑपरेटरनं चुकून फोकस गेलेला कॅमेरा काटला तरी पब्लिकला दिसत नाही. एटीईएम मिनीत आउटपुटला पहिल्या कॅमेऱ्याचं डायरेक्ट द्यायचा पर्याय पण आहे, गेमवाल्यांसाठी दिलाय, आपल्यालाही चालतो.

एलईडीवाल्याला दोन गोष्टी विचारा. प्रोसेसरमध्ये लो लेटन्सीचा (कमी डिलेचा) पर्याय आहे का, आणि वॉलचं रिझोल्यूशन किती. पी ३.९१ चं (दोन पिक्सेलमध्ये ३.९१ मिमी अंतर) अर्ध्या मीटरचं पॅनल १२८ बाय १२८ पिक्सेलचं असतं, म्हणजे ४ मीटर बाय २ मीटरची वॉल १०२४ बाय ५१२ झाली. ह्याला ४के फीड द्यायचा हट्ट कशाला? १०८०पी द्या, प्रोसेसरला काम कमी.

मॉनिटर कुणाला कसला

कॅमेरामनला ५ किंवा ७ इंची फील्ड मॉनिटर, एनपी-एफ बॅटरीवर चालणारा. ब्राइटनेस निट्समध्ये बघा. लॅपटॉपची स्क्रीन २५०-३०० निट्सची असते, ती हॉलमध्ये ठीक. सोलापूरच्या होम मैदानावर भर दुपारी तीच स्क्रीन म्हणजे काळा आरसा, त्यात तुमचाच घामेजलेला चेहरा दिसतो. उन्हात काम असेल तर १००० निट्सच्या पुढचा घ्या आणि वर सनहूड लावाच. आणि आपला एप्रिल-मे माहितेय ना, ४२ डिग्रीत उन्हात ठेवलेला एलसीडी तापून मध्येच काळवंडतो, लोकांना वाटतं खराब झाला, सावलीत घेतला की परत येतो. ट्रायपॉडला एक पांढरी छत्री बांधली तर मॉनिटर, बॅटरी आणि माणूस तिघंही वाचतात. काळी छत्री नको.

लूप आउटवाला मॉनिटर मिळाला तर तोच घ्या. कॅमेऱ्यातून मॉनिटर, मॉनिटरच्या लूपमधून स्विचर, वेगळा स्प्लिटर लागत नाही आणि डिले जवळजवळ शून्य. पण घ्यायच्या आधी दुकानातच मॉनिटर बंद करून बघा लूप चालू राहतो का. बऱ्याच मॉनिटरमध्ये बॅटरी संपली की लूप पण मरतो, म्हणजे कॅमेरामनची बॅटरी गेली आणि अक्षतांच्या वेळी स्विचरवर कॅमेरा काळा. असला मॉनिटर असेल तर त्याला डमी बॅटरीनं अॅडॉप्टरवर चालवा, किंवा स्प्लिटरच वापरा.

स्विचरच्या टेबलावर पोर्टेबल यूएसबी-सीचा १५.६ इंची मॉनिटर मस्त, सॅकमध्ये बसतो. मात्र त्याला बऱ्याचदा मिनी एचडीएमआय असतं आणि पिन ढिली पडते, केबल टेबलाला टेपनं चिकटवून टाका. पॉवर त्याला वेगळी द्या, लॅपटॉपच्या पोर्टवरून घेतली तर ब्राइटनेस आपोआप कमी होतो.

टीव्ही. निवेदकासमोर किंवा बुवांसमोर जमिनीवर टीव्ही टाकायची पद्धत आहे, ती चांगलीच आहे, पण टीव्ही घरचा असतो आणि घरचा टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात बरेच फ्रेम धरून ठेवतो. रिमोट सोबत मागवा, आणि मेन्यूत जाऊन गेम मोड चालू करा. मोशन स्मूथिंग, नॉइज रिडक्शन सगळं बंद. एवढ्या एका बटणानं फरक डोळ्याला दिसतो. रिमोट घरी राहिला असेल तर साधा कॉम्प्युटरचा मॉनिटर लावलेला बरा.

केबल

एचडीएमआय साधी कॉपर केबल १०८०पी ला १० मीटरपर्यंत बिनधास्त, १५ म्हणजे नशीब. त्यापुढं ऑप्टिकल एचडीएमआय किंवा एसडीआय (लांब अंतराची व्यावसायिक व्हिडिओ लाईन). ऑप्टिकलला दिशा असते, एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं, मंडपाच्या वरून ५० मीटर ओढून उलटी निघाली की काय होतं ते विचारू नका. आणि ती घट्ट गुंडाळून रबर लावायची नाही, मोठे वेटोळे घ्यायचे.

मिरवणूक, मैदान, स्टेडियम असेल तर मी एसडीआयच म्हणेन. तिची बीएनसी पिन फिरवून लॉक होते, पाय अडकला तरी निघत नाही, डोक्याची झंझट जाते. चांगल्या ७५ ओमच्या केबलवर थ्रीजी-एसडीआय १०० मीटरच्या आसपास जातं. एचडीएमआय ते एसडीआय छोटे कन्व्हर्टर मिळतात, जे फक्त कन्व्हर्ट करतात, चित्राचा साइज बदलत नाहीत, त्यांचा डिले नगण्य. स्केलरवाला कन्व्हर्टर मात्र फ्रेम धरतो, तो गरजेशिवाय नको. सीसीटीव्हीवाल्यांची केबल दिसायला तशीच, बीएनसी पण तीच, म्हणून लोक ती ओढतात. तिच्यात बऱ्याचदा तांब्याचा फक्त मुलामा असतो. जवळच्या अंतराला चालून जाते, लांबवली की आधी चित्रात ठिपके चमकायला लागतात आणि मग एकदम ब्लँक, मधलं काही नाही. ठिपके दिसले की समजा आता फार वेळ नाही.

स्प्लिटरबद्दल एक. स्प्लिटर कॅमेऱ्याला सांगतो की पुढं कुठली स्क्रीन आहे, त्याला ईडीआयडी म्हणतात. त्याच्या एका पोर्टला ४के टीव्ही लावला तर कॅमेरा किंवा लॅपटॉप ४के द्यायला लागतो आणि दुसऱ्या पोर्टवरचा १०८०पी मॉनिटर काळा पडतो. खाली स्विच असलेला स्प्लिटर घ्या, १०८०पी वर फिक्स करा. लॅपटॉपमधून सिनेमा किंवा ओटीटी लावलं आणि स्विचरवर काळं आलं तर केबल बदलत बसू नका, ती एचडीसीपीची कुलूपबंदी आहे, असली कुलूप नसलेली साधी व्हिडिओ फाइल मागवा.

वायरलेस, कॅप्चर कार्ड आणि बाकीचं

होलीलँड मार्ससारखे वायरलेस सेट साधारण ६० ते १०० मिलीसेकंद घेतात, म्हणजे ५० च्या तीन ते पाच फ्रेम. फिरता कॅमेरा, कबड्डीची साइडलाइन, यूट्यूब, ह्याला उत्तम. वॉलवर गाणारा दाखवायला नको. टेराडेक बोल्ट एक मिलीसेकंदाच्या आतला, पण त्याच्या किमतीत आपली ओम्नी येते. ५ गिगाहर्ट्झवर चालणारे हे सेट हॉल रिकामा असताना लई भारी चालतात, गर्दी भरली की अडखळतात, कारण माणसाचं शरीर सिग्नल पितं आणि वर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यासमोर जी गर्दी असते तिथं रिसिव्हर टेबलावर ठेवून भागत नाही, स्टँडवर माणसांच्या डोक्याच्या वर न्या. चॅनल ऑटोवर न ठेवता गर्दी भरल्यावर परत स्कॅन करा.

स्वस्त यूएसबी कॅप्चर कार्डवर ४के लिहिलेलं असतं, ते फक्त इनपुटचं, आत यूएसबी २ वरून १०८०पी ३० एमजेपेग (दाबून लहान केलेलं चित्र) येतं. यूट्यूबला पाठवायला हरकत नाही. त्यावरून वॉल चालवू नका.

एनडीआय (नेटवर्क केबलवरून व्हिडिओ) करायचं असेल तर पूर्ण एनडीआय, वायर्ड गिगाबिट स्विचवर, डिले साधारण एका फ्रेमचा राहतो. एनडीआय एचएक्स, म्हणजे त्याचाच जास्त दाबलेला प्रकार, हलका आहे पण डिले वाढतो. वायफायवर एनडीआय म्हणजे हॉलच्या पासवर्डवर कार्यक्रम सोडून देणं.

यूट्यूबला अल्ट्रा लो लेटन्सी टाकलं तरी काही सेकंद लागतातच. वॉलला यूट्यूबचं लाईव्ह लावा म्हणणारा एखादा निघतोच, त्याला प्रेमानं नाही म्हणा. स्ट्रीमला आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट येतो आणि चित्र मागं असतं, तिथं मात्र आवाज मागं घ्यायचा, एटीईएमच्या माईक इनपुटला डिले लावता येतो, ओबीएसमध्ये पण सिंक ऑफसेट आहे.

मोजायचं कसं

अंदाज नको. एका मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, कॅमेऱ्यासमोर धरा, वॉलवर तो दिसू दे. दुसऱ्या मोबाईलनं २४० फ्रेमच्या स्लोमोशनमध्ये असा व्हिडिओ घ्या की हातातला मोबाईल आणि वॉल दोन्ही एका चौकटीत येतील. नंतर थांबवून दोन्हीकडचे आकडे वाचा, वजाबाकी म्हणजे तुमचा डिले. मोबाईलची स्क्रीन स्वतः बऱ्याचदा ६० हर्ट्झची असते त्यामुळं १५-२० मिलीसेकंद इकडंतिकडं होणार, चार-पाच वेळा वाचून सरासरी घ्या. मग एकेक मशीन काढून परत मोजा, कोण किती खातंय ते उघडं पडतं. एलईडीवाल्याशी भांडायच्या आधी हा व्हिडिओ हातात असलेला बरा, भांडण होतच नाही.

लाईट

वॉल जनरेटरवर, साउंड दुसऱ्या फेजवर आणि आपण हॉलच्या प्लगवर, असं असेल तर एचडीएमआयच्या शील्डमधून करंट फिरतो, चित्रात पट्टे येतात किंवा पोर्ट जळतो. केबल जोडताना बोटाला झिणझिण्या आल्या तर तिथंच थांबा, आधी अर्थिंग बघायला लावा. शक्य असेल तर स्विचर आणि प्रोसेसर एकाच सोर्सवर घ्या. ऑप्टिकल केबलनं हे बरंच टळतं, पण बऱ्याच ऑप्टिकल एचडीएमआयमध्येही बारीक तांब्याच्या तारा असतात, पूर्ण फायबरवाली आहे का ते विचारून घ्या. स्विचरला छोटा यूपीएस हवाच, जनरेटर बदलताना जी एक सेकंदाची झपकी येते त्यात वॉल लगेच परत येते, स्विचर मात्र सुरू होऊन सगळे कॅमेरे पकडेपर्यंत वॉल काळी. बाकी डेकोरेटरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर विश्वास ठेवू नका, आपला बोर्ड आपण न्यायचा, आणि त्यावर "व्हिडिओ" असं मोठ्या अक्षरात लिहायचं, नाहीतर ज्यूसवाल्याचा मिक्सर त्यातच लागतो.